दहा वर्षं, दोन आवाज

"ही कॅसेट एकदा बाजारात येऊ दे! मुंबईच्या कंपन्या नाशिकरोडला आपलं घर विचारत येतील!" मनोजने कॅसिओवर थाप मारून जाहीर केलं.

मनोज आणि तृप्ती, नवरा-बायको, म्हणजेच 'मनोज-तृप्ती म्युझिकल नाइट'. सिन्नरपासून देवळाली कॅम्पपर्यंत कितीतरी लग्नांत या जोडीने दुसऱ्यांची गाजलेली गाणी स्वतःच्या मालकीची असल्यासारखी म्हटली होती. सत्त्याण्णव साली जोडीला दहा वर्षं झाली, तेव्हा त्यातल्या निवडक गाण्यांची कॅसेट काढायचं ठरलं. नाव, 'दहा वर्षं, दोन आवाज'.

तृप्तीची अट एकच. "अहो, दहा वर्षांत माझं एक गाणं तुम्ही सलग होऊ दिलं नाही! मी तान संपवते न संपवते तोच, 'अमक्या पाटलांकडून एकशे एक रुपये, धन्यवाद!' या कॅसेटमध्ये मध्येच एक शब्द बोललात, तर पुढची दहा वर्षं एकटे गा."

"छे! स्टुडिओत मला कोण बक्षीस देणार?"

बक्षीस देणाऱ्याचं नाव चालू गाण्यात पुकारायचं, हा ऑर्केस्ट्राचा रिवाज. नाव ऐकून एक पाहुणा फुगतो आणि शेजारचा खिशात हात घालतो. हे गणित मनोजला गाण्यापेक्षा जास्त सुरात जमायचं.

संतोषचा स्टुडिओ म्हणजे देवळाली कॅम्पातली गाद्या लावलेली खोली. गाणाऱ्या दोघांच्या मध्येही एक गादी उभी, प्रत्येकाला वेगळा माइक, वेगळं रेकॉर्डिंग. पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याला मनोज अडला.

"समोर माणूस नाही रे! गादीकडे बघून कुणाला प्रेम सुचतं?"

मग ज्यांच्या गाद्या होत्या ते मंडपवाले झिपरूशेठ आणि तृप्तीची आत्या वत्सलाबाई यांना आणून समोर बसवलं. "टाळी नाही, खोकला नाही," संतोषने बजावलं. दोघं देवासमोरच्या नंदीसारखी गप्प!

तिसऱ्या गाण्याला वत्सलाबाईंना भरून आलं. बोलायला तर बंदी. त्या चवड्यांवर चालत आल्या, जावयावरून नोट ओवाळली आणि कॅसिओवर ठेवली. नोट दिसताच मनोजचं तोंड आपोआप उघडलं.

"वत्सलाबाईंकडून प्रेमाची भेट! धन्यवाद!"

झिपरूशेठ कसले मागे राहतात! कॅसेट भरेपर्यंत त्यांचा मंडप, एकलहऱ्याचे व्याही आणि नातवाचं बारसं, सगळं पुकारून झालं.

वादकांना दुसऱ्या पार्टीबरोबर सिन्नरचं लग्न गाठायचं होतं, पुन्हा गाणार कधी? परतताना तृप्ती बसमध्ये मुद्दाम बायकांच्या सीटवर जाऊन बसली. आठवडाभर ताट समोर यायचं, शब्द नाही. रियाजही बंद. आता मात्र मनोज घाबरला. तिच्याशिवाय आपण म्हणजे कॅसिओ उचलणारा हमाल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने संतोषला फोन लावला. "माझ्या माइकचं रेकॉर्डिंग सबंध काढून टाक. माझ्या ओळींना नुसती वाद्यं वाजू दे."

"दादा, नावात 'दोन आवाज' आहे!"

"असू दे. वर फोटो दोघांचा आहे ना!"

संतोषने घाईत पहिलं गाणं ऐकलं, मान डोलावली आणि प्रती काढल्या.

प्रकाशनाला कॉलनीचा हॉल भरला. "तुझा आवाज, अगदी स्वच्छ. माझा एक शब्द नाही," मनोज तृप्तीच्या कानात म्हणाला. तिचे डोळेच भरून आले.

कॅसेट लावली. पहिली दोन गाणी लोक श्वास रोखून ऐकत होते. तिसऱ्यात कडवं संपलं. जिथे मनोजने आत्याबाईंना पुकारलं होतं, तिथे आता तृप्तीचा दातओठ खात पुटपुटलेला आवाज लाउडस्पीकरवर घुमला.

"मेला या आत्याचा उत्साह! अहो, गप्प बसा! घरी चला, मग बघते!"

आणि लगेच, मधात घोळलेल्या सुरात, चांदण्यातल्या प्रियकराला हाक!

"अगं बाई!" वत्सलाबाई ओरडल्या.

पुढच्या गाण्यात, "या झिपरूशेठला आत कुणी घेतलं?" झिपरूशेठ पहिल्या रांगेत, हातात हार घेऊन!

हॉल लोळत होता. "वन्स मोअर!" मनोज तोंडाचा आ करून बघत होता. गादीपलीकडे एवढं चालू होतं? तृप्तीने पदरात तोंड खुपसलं. रडते की काय, म्हणून तो वाकला, तर बाई हसून हसून गदगदत होती.

"अहो, तुम्ही मध्ये बोलत होतात तेच बरं होतं. माझं झाकलं जायचं!"

दुसऱ्या दिवसापासून रियाज सुरू झाला. कॅसेटही हातोहात खपली. पुढच्याच लग्नात वराची आई स्टेजपाशी आली.

"ताई, गाणी राहू द्या. तेवढं ते 'घरी चला, मग बघते' म्हणा. आमच्या पोराला आत्तापासून सवय झालेली बरी!"