राणी बेशुद्ध पडेना

“आत्याबाई, झोपल्यावर तुमचे डोळे मिटतेत का वो?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि भागीरथा काही पैजेला नाही म्हणणारी नव्हती. बल्लारशाच्या लाकूड-ठेकेदाराची बायको अन्नपूर्णाआत्या मुंबईहून पापण्यांचं ऑपरेशन करून माहेरी आली होती. तेव्हापासून साऱ्या चांद्यात दुसरा विषयच नव्हता.

“मिटतेत की!” आत्या खळखळून हसली. “लोंबती कातडी तेवढी कापली डाक्टरनं. बेचाळीस वर्षांची आहो मी, अन् टांगेवाला तुह्याकडे पाहून मले काय म्हणते, ‘या धाकट्या बहीण का वो तुमच्या?’”

भागीरथाच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधराव्या वर्षी आत्याची बहीण! घराण्याच्या जड पापण्या तिच्याही वाट्याला आल्या होत्या. वर्गातल्या खैरुनचे डोळे मात्र टपोरे. आणि उद्याच गुणवंतराव मास्तर गॅदरिंगच्या नाटकासाठी राणी निवडणार होते!

बाबा डिंकाचे व्यापारी. घरात धावड्याच्या डिंकाची पोती. सकाळी भागीरथानं वाटीत डिंक कालवला, पापण्या वर ढकलल्या आणि चिकटवून टाकल्या. आरशात पाहते तर डोळे हे एवढाले! मुंबईचा डाक्टर हवा कशाला? शाळेत पोचेपर्यंत उन्हानं डिंक कडकडीत वाळला.

प्रवेश असा होता, की राजा राणीला वनवासाचा हुकूम देतो आणि राणी बेशुद्ध पडते. भागीरथा पडली. काय सुरेख पडली! पण डोळे सताड उघडे.

“अवो राणीसाहेब, डोळे मिटा!” मास्तर ओरडले.

“मिटून राह्यली ना, मास्तर!”

“कुठी मिटून राह्यली? माह्याकडेच पाहून राह्यली!”

पोरी फिदीफिदी हसल्या. पोरीला झटका आला असं वाटून शिवणाच्या बाईंनी धावत येऊन तांब्याभर पाणी तिच्या तोंडावर ओतलं. डिंक भिजला, पण एकाच बाजूचा. डावी पापणी धप्पकन खाली आली, उजवी तिथंच.

“आता मले डोळा मारते!” मास्तर दोन पावलं मागं सरकले.

मग खैरुनची पाळी आली आणि ती बेशुद्ध पडली. डोळे असे अलगद मिटले, की टाळ्या पडल्या आणि राणी तिचीच झाली. उरलेल्या एका डोळ्यानं भागीरथानं तिच्याकडे असं पाहिलं, की मास्तर चमकले. “थांब पोरी. अशीच पाह्य जरा!”

घरी आत्यानं कोमट पाण्यानं उरलेला डिंक सोडवला. आई म्हणाली, “गेली ना राणी हातची? आता रडत नोको बसू.”

“कोण रडते? आई, बाबा, आयका. मी ठरवलं. मी राजा बनतो. मास्तरनंच इचारलं.”

“मिशा लावशील? चारचौघात?” बाबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. “काऊन?”

“राजाच खैरुनले जंगलात हाकलते ना! नाटक एकच दिवस आहे, बाबा, पण तालमी महिनाभर. रोज हाकलतो!”