टोकाजी सुतार यांचं स्वातंत्र्य

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह होता. जंगल म्हटलं की सिंह आलाच, त्याला आपला इलाज नाही.

या सिंहाकडे टोकाजी नावाचा सुतारपक्षी कामाला होता. सागाच्या बुंध्यात सिंहासन कोरायचं काम. पहाटे डरकाळी झाली की टोकाजी हजर, आणि दुसरी डरकाळी होईपर्यंत ठकठक चालू.

त्या जंगलात एक रीत होती. काम करताना नोकराला इजा झाली, तर बरा होईपर्यंत त्याला मालकानं खाऊ घालायचं. सिंहानं ही जबाबदारी नदीतल्या मगरबाईंकडे सोपवली होती. तो दर नोकरामागे बाईंना मांस पाठवी आणि जखमींचं बाई बघत. याला विमा म्हणतात. मोठे झालात की कळेल, किंवा कळणार नाही.

पण मांस फार जाऊ लागलं. सिंहाचा सल्लागार कोल्हा म्हणाला, "महाराज, नोकरच ठेवू नका."

"मग कामं कोण करणार?"

"तेच करतील. फक्त ते नोकर नसतील."

पण 'हे नोकर नाहीत' एवढं म्हटलं म्हणून पुराव्याशिवाय ऐकणाऱ्यांतल्या मगरबाई नव्हत्या. म्हणून कोल्हा टोकाजीच्या ढोलीखाली गेला. "टोकाजीराव, अभिनंदन! आजपासून तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक."

'राव' ऐकून टोकाजीची छाती फुगली. त्यानं ढोलीवर पाटी लावली: 'टोकाजी सुतार आणि मंडळी'. स्वतंत्र माणसाला दुसरं गिऱ्हाईक हवंच, असं कोल्हा म्हणाला, म्हणून टोकाजीनं एका घुबडाला फुकटात ढोली कोरून दिली.

"अहो, मंडळी कोण?" बायकोनं, चिमाईनं विचारलं.

"तुला धंद्यातलं कळत नाही," टोकाजी म्हणाला. पहाटे डरकाळी झाली आणि व्यावसायिक धावत सुटला.

व्हायचं तेच झालं. सागात एक गाठ लागली आणि टोकाजीची चोच मोडली. चोच मोडली की किडे निघत नाहीत आणि किडे नाहीत तर सुतारपक्षी उपाशी मरतो. बिचाऱ्याला फार दुखत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

चिमाई त्याला घेऊन नदीवर गेली. मगरबाईंनी चौकशी मांडली. सिंह आणि कोल्हाही आले.

"हत्यार कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"चोच त्यांचीच," चिमाई म्हणाली. "दुसऱ्याची कशी असेल?"

"स्वतःचं हत्यार. पाटी आहे?"

"आहे," कोल्हा म्हणाला. "घुबडाचं कामही केलंय."

"सिंहाला नाही म्हणायची मोकळीक होती?"

चिमाई भडकली. "नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनाच विचारा!"

"खाल्लं असतं," सिंह म्हणाला. तो प्रामाणिक होता.

"तो झाला नाही म्हणण्याचा परिणाम," मगरबाई म्हणाल्या. "मोकळीक होतीच की. टोकाजीराव पूर्ण स्वतंत्र आहेत. विमा लागू नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोकाजीनंही सवयीनं पंख हलवले.

त्या दिवसापासून चिमाई मुंग्या वेचून त्याला भरवू लागली. चार दिवसांनी कोल्हा आला. "टोकाजीराव, काम अंगावर घेतलंत, ते पुरं करावं लागेल. आपल्या मंडळींना पाठवा."

मंडळी म्हणजे चिमाई. दिवसभर साग कोरायचा आणि संध्याकाळी नवऱ्यासाठी मुंग्या आणायच्या, असं तिचं सुरू झालं.

मग एके संध्याकाळी ढोलीखाली मगरबाई आल्या. "टोकाजीराव, तुमच्याकडे एक बाई कामाला आहेत म्हणे. त्यांचा विमा काढावा लागेल. महिन्याला थोडे मासे."

टोकाजीला मासे धरता येत नव्हते. त्याला मुंग्याही धरता येत नव्हत्या. त्यानं चिमाईकडे पाहिलं. ती दमून फांदीवर बसली होती आणि तिच्या चोचीत त्याच्यासाठी आणलेली मुंगी होती.

टोकाजीनं मान ताठ केली. "छे हो," तो मोडक्या चोचीनं म्हणाला. "ती स्वतंत्र आहे."

"पाटी आहे त्यांची?"

"उद्या लावतो."

चिमाईनं दोघांकडे नीट पाहिलं. मग तिनं ती मुंगी गिळली आणि नदीपलीकडच्या रानात उडून गेली.

तात्पर्य : मुलांनो, स्वातंत्र्य ही फार मोठी गोष्ट आहे. ते दुसऱ्याला देत राहावं. फक्त, आपल्याला भरवणाऱ्याला देण्याआधी पोटभर जेवून घ्यावं.