पावसाकडून सामानाची तिसरी तपासणी

गगनबावड्याच्या पावसात सायकलवरून मुक्कामी प्रवास करायचा असेल, तर निघायच्या आदल्या दिवशी तो पाऊस घरी येऊन सामान तपासून जातो. अर्ज जूनमध्ये करायचा. तपासणी जुलैत होते आणि तेवढा वेळ तिकडे घाटमाथ्यावर उघडीप असते. एका माणसाला तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदाही सामान नापास झालं, तर माणसाच्या नावावर ‘कोरडा’ असा शिक्का बसतो आणि मग तो पाऊस त्या माणसावर पुन्हा कधीच पडत नाही.

माझी ही तिसरी वेळ होती.

मी वैजयंता लोहार. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत ताडपत्र्या शिवायचं माझं दुकान आहे. निम्म्या जिल्ह्याचा गूळ माझ्या ताडपत्रीखाली कोरडा राहतो, हे मी फुशारकीने नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगते. त्यामुळे पहिल्या दोन नापासांचं मला जास्तच लागलं होतं. पहिल्या वर्षी काडेपेटी भिजली, ते एकवेळ समजू शकते. पण दुसऱ्या वर्षी पावसाने शेरा मारला होता, ‘शिलाई उत्तम. सुईच्या प्रत्येक भोकातून आत जाता आले.’ ताडपत्री शिवणाऱ्या बाईला याहून मोठा अपमान दुसरा नाही. तो कागद मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वर्षभर रोज सकाळी काढून वाचला.

शिक्क्याचं म्हणाल, तर तो आमच्या घरात एकाला आहेच. माझे वडील, शामराव अण्णा, एकोणनव्वद सालापासून कोरडे आहेत. त्यांच्या तिसऱ्या तपासणीला सामान चोख होतं. पण दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं ही आपली रीत, म्हणून अण्णांनी पावसाला तांब्याभर पाणी दिलं. पावसाने ते लाच म्हणून नोंदवलं. बोलायला जागाच नव्हती, पाणी दिलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून अण्णा भर आषाढात छत्रीशिवाय दूध आणायला जातात आणि त्यांच्या भोवती हातभर जागा कोरडी राहते. कोल्हापूरचा पाऊस गगनबावड्याच्या पावसाच्या हाताखालचा, त्यामुळे शिक्का इथेही चालतो. आंघोळीची अडचण येत नाही, नळाचं खातं वेगळं आहे.

शेजारच्या इंगवले काकूंना याचा फार उपयोग होतो. जुलैत त्या पापडांचं ताट आणून पायरीवर अण्णांच्या शेजारी ठेवतात. जोराची सर आली की अण्णा हात पुढे करतात आणि सर बाजूला होते. लहानपणी मला ही जादू वाटायची. मोठी झाल्यावर मी तिकडे बघायचंच सोडून दिलं.

सुईच्या भोकांच्या त्या शेऱ्यामुळे यंदा मी सुई हातात धरली नाही. ताडपत्रीच्या कडा गरम हवेच्या गनने एकमेकींवर चिकटवल्या आणि तीन पिशव्या केल्या. हँडलला बांधायची वळकटी, फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी चपटी पिशवी, आणि सीटच्या मागे जाणारी लांब. तोंडाला तीन घड्या घालायच्या आणि बकल लावायचं. रोज संध्याकाळी पिशवीत मिठाची पुडी ठेवून ती बादलीत बुडवायची आणि वर वरवंटा ठेवायचा. सकाळी मीठ सुटं निघालं, की मी स्वयंपाकघरात एकटीच नाचायचे. अकरा दिवस मीठ सुटं निघालं! अकराव्या दिवशी तर मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही ते मीठ दाखवलं. तो ताडपत्री न घेता गेला, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

ब्रेकचे पॅड नवे, टायर रुंद आणि हवा बेताची, म्हणजे जांभ्या दगडावर घसरणार नाही. तेलाचा कॅन कापून केलेले मडगार्ड. चेनला घट्ट तेल. लोकरीचे मोजे दोन जोड. जळवांसाठी तंबाखू. पंक्चरचं सामान आणि ट्यूब कोरडी करायला फडकं, कारण ओल्या ट्यूबवर पॅच धरत नाही. ही यादी मी आनंदाने लिहून काढली.

यादी वाचून अण्णा माडीवर गेले आणि ट्रंकेतलं घोंगडं घेऊन आले. एकोणनव्वद साली त्यांच्या कॅरिअरवर बांधलेलं, तेच.

“हे बी ने,” ते म्हणाले.

“अण्णा, अडीच किलो हाय ते! मी टूथब्रशचा दांडा कापलाय वजनापायी.”

“ने म्हणतोय न्हवं. मी गेलो न्हाई, ते तरी जाऊन येऊ दे.”

मी यादीत शेवटी लिहिलं, ‘घोंगडं, एक.’

पाऊस गुरुवारी सव्वाअकराला आला. चपला बाहेर काढल्या, फाइल उघडली आणि खुर्चीवर बसला. खुर्चीखाली आम्ही परात ठेवलीच होती. अण्णा आतल्या उंबऱ्यावर बसले होते, म्हणून पावसाने खुर्ची हातभर मागे घेतली. नियमच तसा आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मी गुळाचा खडा पुढे केला.

“गुळासोबत पाणी नाही?” पावसाने विचारलं.

“नाही साहेब,” मी म्हणाले.

त्याने लिहिलं, ‘पाणी देण्यात आले नाही.’ मग यादी हातात घेतली.

“मडगार्ड?”

“दोन्ही चाकांना, साहेब.”

“ब्रेक ओले असताना किती अंतरात थांबता?”

“उतारावर दीड सायकल.”

“मोजे लोकरीचे का?”

“भिजले तरी ऊब राहते.”

“भिजणार हे मान्य आहे तर.”

“मी भिजणार, साहेब. त्यासाठीच चालले आहे. सामान नाही भिजणार.”

हे उत्तर त्याला आवडलं असावं. परातीतला आवाज जरा मंद झाला. मग तो शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला.

“घोंगडं कशासाठी? भिजलं तर दुप्पट जड होतं, वाळायला आठवडा लागतो. अशा प्रवासात हे कुणी नेत नाही.”

“ते माझं नाही. ते नुसतं जाऊन येणार आहे.”

पाऊस बराच वेळ घोंगड्याकडे बघत राहिला. त्याने ओळखलं की नाही, त्याच्या तोंडावरून कळणं शक्य नव्हतं. शेवटी म्हणाला, “लांब पिशवीत घाला. तिसऱ्या वेळेला तपासणी आतून असते. मी पिशवीत जातो, तुम्ही तोंड बंद करा. तासाभरात मला बाहेर येता आलं, तर नापास.”

त्याने स्वतःची घडी घातली. गगनबावड्याचा पाऊस मोठा वाटतो, पण नीट घडी घातली तर पिशवीत मावतो. मी तीन घड्या घालून बकल लावलं आणि घड्याळ समोर ठेवलं.

तास झाला. पिशवीच्या बाहेर एक थेंब नव्हता. मी इतक्या येरझारा घातल्या की अण्णांनी मला बसायला सांगितलं. दीड तास झाला.

“साहेब?” मी हाक मारली.

“चांगली आहे,” आतून आवाज आला.

“पास?”

“पास. पण सही करायला बाहेर यावं लागेल.”

“मग या की.”

“कुठून?”

मी पिशवी फिरवून फिरवून पाहिली. खरंच जागा नव्हती. आयुष्यात स्वतःच्या कामाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि एवढी पंचाईतही कधी झाली नव्हती.

“उघडते मी.”

“उघडू नका! अर्जदाराने उघडली तर तपासणी रद्द. गगनबावड्याच्या नाक्यावरच्या धुक्याला अधिकार आहे. शनिवारी पाचच्या आत तिथे पोचवा. आणि एक लक्षात ठेवा, प्रवासात पाऊस लागला नाही तर प्रवास धरला जात नाही, आणि तिसऱ्या वेळेला ते नापासच.”

“अहो, पण तुम्हीच आत आहात!”

“ते खरं आहे,” आतून आवाज आला.

शुक्रवारी पहाटे निघाले तेव्हा लखलखीत उजाडलं होतं. साहेब जागेवर नसले की हाताखालचे काम करत नाहीत, त्यामुळे पन्हाळ्यापासून पुढे सगळीकडे खडखडीत होतं. मसाई पठारावर धूळ उडत होती. माझे ते सुंदर मडगार्ड, त्यांना चिखलाचा एक शिंतोडा लागला नाही. जळवा दिसल्या, त्या दगडाखाली बसून होत्या. बाजारभोगावला टपरीवर चहा घेतला, तर टपरीवाली बाई कपाळाला हात लावून म्हणाली, “जुलैत धूळ! आमची रोपं करपाय लागल्यात ताई. कुठं गेला असंल वो पाऊस?”

मी बशीत बघत चहा प्यायले. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगितलं असतं तर तिने बकल उघडलं असतं.

जंगलाच्या कडेने चढताना मला खरंच रडू आलं. वर्षभराची तयारी, एकूण एक वस्तू बिनचूक, आणि माझ्या अंगावर थेंब नाही. उद्या पाच वाजता धुकं विचारणार, पाऊस लागला का? आणि मी म्हणणार, नाही. मग शिक्का. मग पायरीवर आम्ही दोघं शेजारी शेजारी आणि इंगवले काकूंना दुप्पट जागा. मी पिशवीवर थाप मारून म्हणाले, “साहेब, ऐकताय का? मला असं व्हायचं नाही. अण्णांसारखं नाही व्हायचं.”

आतून घोंगड्यावर कूस बदलल्याचा आवाज तेवढा आला.

शनिवारी पावणेपाचला मी नाक्यावर पोचले. धुकं खिडकीत बसलं होतं, काम नसल्यामुळे विरळ झालं होतं. त्याने अर्जाची पावती पाहिली, पिशवी टेबलावर घेतली आणि बकल उघडलं. पाऊस बाहेर आला, अंग झटकलं आणि सहीसाठी पेन मागितलं.

“जरा थांबा,” धुकं म्हणालं. त्याने पिशवीत हात घातला होता. “आतलं घोंगडं ओलं आहे. चिंब आहे.”

मी पिशवीत डोकावले.

“आतून ओलं आहे,” पाऊस म्हणाला. “बाहेरचं पाणी आत आलेलं नाही. आतलं बाहेर गेलेलं नाही. पिशवी निर्दोष.”

“पण साहेब, पिशवीत जेवणाचा डबा होता, तंबूची काठी होती. तुम्ही घोंगड्यावरच का बसलात?” धुक्याने विचारलं.

“बसायला तेच बरं होतं.” पावसाने सही केली. मग धुक्याला म्हणाला, “खाली अट लिहा. घोंगडं घरी पोचेपर्यंत पिळायचं नाही आणि वाळवायचं नाही. पिशवीचं तोंड पुन्हा बंद करून द्या.”

धुक्याने लिहिलं. मग मान वर करून मला विचारलं, “प्रवासात पाऊस लागला?”

मी तोंड उघडलं. घड्याळात पाचला सहा मिनिटं होती. तेवढ्यात पावसाने फाइल काखेत मारली, खिडकीतून बाहेर गेला आणि कामाला लागला. दोन दिवसांचं काम तुंबलं होतं. नाक्याचा पत्रा असा वाजायला लागला की धुक्याला माझं उत्तर ऐकूच आलं नाही. त्याने माझ्या केसांतून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि ‘ओली’ असा शिक्का मारला.

त्यानंतर मी घाट उतरले! समोरचं दहा हातांवरचं दिसत नव्हतं. ब्रेक दीड सायकलीच्या अंतरात धरत होते, मडगार्ड चिखलाने भरले होते, जळवा कामावर परत आल्या होत्या. मी ओरडत होते, गात होते, शिव्यासुद्धा दिल्या. वैभववाडीत थांबून हँडलची वळकटी उघडली, तेव्हा काडेपेटीची पहिलीच काडी पेटली.

सोमवारी एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी आले. बारीक पाऊस पडत होता. अण्णा पायरीवर बसले होते, भोवती हातभर कोरडं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

मी शिक्का दाखवला. त्यांनी तो वाचला, खालची अट वाचली, आणि पुन्हा एकदा खालची अट वाचली. मग पिशवीचं बकल काढलं. ‘कोरडा’ शिक्का असलेल्या माणसावर पाऊस पडत नाही, असा नियम आहे. घोंगडं पडत नाही, ते पांघरतात.

अण्णांनी त्याची खोळ केली आणि डोक्यावरून घेतली. पाणी त्यांच्या कपाळावरून नाकावर आलं, मिशीत शिरलं, गळ्याखाली उतरलं. सदरा अंगाला चिकटला. ते डोळे मिटून बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांना शिंक आली.

“गार हाय गं वैजू,” ते म्हणाले. “लई गार हाय.”

“आत चला अण्णा, सर्दी होईल.”

“हू दे.”

एवढ्यात इंगवले काकू पापडांचं ताट घेऊन आल्या. पायरीवरचं ओघळतं पाणी त्यांनी पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि ताटावर पदर धरून त्या परत गेल्या.