शब्द खर्चून या

आखाडा बाळापूरच्या बाजारात एखाद्या शाळकरी पोरानं वांगेवालीसमोर उभं राहून, "मावशी, युवर ब्रिंजल्स आर मीडिऑकर," असं म्हटलं, तर नवख्या माणसानं दचकू नये. मावशीही दचकत नाही. ती एवढंच विचारते, "खिल्लारे सरांचा का रे तू?"

पोरगं मान हलवतं.

"मंग अर्थ सांग आन् हो बाजूला. गिऱ्हाईक थांबलंय."

"धड चांगली बी न्हाईत, धड वाईट बी न्हाईत, असा अर्थ हाय."

"सकाळीच तोडलीत रे, मुडद्या!"

हे नामदेव खिल्लारे सर म्हणजे आमचे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या घरात एक कंबरेएवढी भिंत. हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि लगेच ओसरीवर शिकवणी सुरू केली, कारण गप्प बसणं त्यांना जमत नाही. त्यांचं म्हणणं असं की पाठ केलेला शब्द पेपर झाला की पळून जातो. तो कुणावर तरी खर्चावा लागतो. म्हणून सकाळी प्रत्येक लेकराला एक शब्द मिळतो, आणि दिवस मावळायच्या आत तो जित्या माणसाला तोंडावर बोलून यायचा. पण खरा असेल तरच. आणि त्याचा अर्थ त्या माणसाला आपल्या भाषेत सांगूनच तिथून हलायचं. "न्हाई तर ती शिवी व्हते," सर म्हणतात.

आता या नियमानं गावाचं काय झालंय ते मला विचारा! माझी लेक पूजा त्यांच्याकडेच जाते. एकदा आमचे हे जेवताना पाहुण्यांना सांगत होते, यंदा आमचं सोयाबीन छातीला लागून राहिलं म्हणून. पूजा वाढता वाढता म्हणाली, "पप्पा, यू आर एक्झॅजरेटिंग. म्हणजे तिखटमीठ लावून सांगून राहिले तुमी." ह्यांचा घास हातातच राहिला. रागवावं तरी कसं? सोयाबीन गुडघ्याच्या वर नव्हतं.

'फ्युरियस' हा शब्द आला त्या दिवशी तर कहर झाला. ज्याच्या वाट्याला तो आला, ते पोरगं दुपारपर्यंत संतापलेला माणूस हुडकत हिंडलं. कुणी सापडेना. शेवटी त्यानं एका म्हातारबाची शेळी सोडून दिली आणि म्हातारबा काठी घेऊन धावला तेव्हा पळता पळता शब्द खर्चला. सरांनी त्याला संध्याकाळी ओसरीवर उभं केलं. "राग आणायचा न्हाई बाबा. राग आलेला माणूस गाठायचा. जा, शेळी धरून आण!"

मी शिवणकाम करते. माझ्यावरही सरांनी स्वतः एक शब्द खर्चलाय, पण तो मी सांगणार नाही. ब्लाऊज वेळेवर न देण्यासंबंधी आहे.

या सगळ्याला फक्त एकच माणूस पुरून उरत होतं. आमच्या शांताकाकू, म्हणजे सरांच्या मंडळी. सरांचं इंग्रजी म्हणजे त्यांच्या लेखी 'टरटर'. भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायचं, "चष्मा कपाळावर आन् घरभर हुडकून राहिले! चालले जगाला शिकवाया!" सर चिडल्यासारखं करायचे. पण काकू एक दिवस माहेरी गेल्या की हा माणूस भिंतीपाशी येऊन मला विचारायचा, "आज लई सामसूम वाटून राहिली, न्हाई?"

श्रावणात काकूंना लकवा झाला. नांदेडला नेलं, जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द तोंडाशी येऊन अडायचा. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, हळूहळू येईल. पण येईलच असं काही ते म्हणाले नाहीत, आणि सरांनी 'बोलत राहा' तेवढंच धरून ठेवलं.

शिकवणी बंद झाली. मी एकदा भाजी घेऊन गेले तर सरांनी काकूंसमोर वाटी, चमचा, तांब्या असं ओळीनं मांडलेलं. "हे काय? वाटी. म्हण, वाटी. पुन्हा म्हण." काकूंच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. सर पुन्हा, "वाटी."

माझं डोकंच सटकलं. "सर, काहून छळून राहिले त्यांना? लेकरांना पाठांतर करू देत न्हाई, आन् काकूंना वाटी-वाटी घोकायला लावता?"

सर वाटी खाली ठेवून हळूच म्हणाले, "भेव वाटून राहिलंय हो, सुनीताबाई. हिचा आवाज आता ऐकूच येणार न्हाई की काय, असं वाटतंय." इतकी वर्षं शेजारी, पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरी येऊन मी शिलाई मशीनपुढं नुसतीच बसून राहिले.

त्या दिवसापासून सामान मांडणं बंद झालं. पण शब्द काही येईना. दिवाळी झाली, मदतीला राहिलेली त्यांची लेक सासरी गेली, आणि सरांनी जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवला. मी तिथंच होते. "आज चहा मी करतो," म्हणाले. आत बराच वेळ भांडी आपटत होती. मग तिघांसाठी तीन कप आले. मी घोट घेतला, तर नुसतं पाणचट, बेचव पाणी; कसाबसा गिळला.

काकूंनी डाव्या हातानं कप तोंडाला लावला. चेहरा आंबट झाला. ओठ हलायला लागले. मला वाटलं ठसका लागतोय, मी उठले.

"फु... फुळ..." काकूंनी डोळे मिटले, जोर लावला. "फुळकवणी!"

अहो, इतके महिने वाटी म्हणता येईना, आणि आली ती थेट फुळकवणी!

"बराबर!" सर ओरडलेच. "ऐकलं का सुनीताबाई? एकदम बराबर! फुळकवणीच हाय ती!" आणि हसता हसता ते काकूंच्या खाटेशी खाली बसले आणि लेकरासारखे रडायला लागले. "अजून बोल गं. काय वाटंल ते बोल. तुझ्या बोलण्याबिगर मला या घरात करमत न्हाई."

मीही डोळ्यांना पदर लावला. काकू सरांकडं बघत होत्या. पुन्हा ओठ हलले, पुन्हा अडले.

"रडू... नका."

त्यांना पुढं आणखी काही म्हणायचं होतं, पण ते काही आलं नाही. मग त्यांनी कप पुन्हा तोंडाला लावला आणि तो चहा, घोट घोट करत, सगळा पिऊन टाकला.