दोन दारं, दोन सारस

चांगल्या डिझाइनला अक्षरं लागत नाहीत, हे जागेश्वरला नागपूरच्या पर्यटन शिबिरात कळलं आणि तेव्हापासून घरात त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो सांगायचा, "याचा कान पाह्य. बोट कुठं घालाचं ते आपोआप समजते. कोनं लिहून ठेवलं का?"

"चहा थंडा होऊन राहिला," त्याची बायको प्रेमिला म्हणायची, "ते आपोआप नाही समजत का तुमाले?"

गोंदियाजवळचं फुलचूर गाव ओलांडून थोडं पुढे, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना लागून जागेश्वरने चार खोल्यांचं अतिथीगृह बांधलं होतं. या भागात सारस दिसतात. ते पाहायला लोक लांबून येतील आणि आले की झोपायला जागा शोधतील, असा त्याचा सरळ विचार होता. लोक मात्र सारस पाहून संध्याकाळी परत जात. हे बघून प्रेमिलाचा भाऊ येऊन खोल्या पावलांनी मोजून गेला. यंदा जमलं नाही तर इथे धानाची पोती ठेवू, असं त्याने जेवता जेवता सांगूनही टाकलं. जागेश्वर जेवण अर्धं टाकून खोल्यांकडे गेला. खिडक्यांचे पडदे त्याने स्वतः निवडले होते हो! त्या पडद्यांमागे पोत्यांची थप्पी त्याला कल्पनेतही पाहवत नव्हती.

आता सगळी मदार रुची मॅडमवर होती. त्या नागपूरहून पर्यटकांचे गट आणायच्या. एक गट आणून बघते, सोय पटली तर हिवाळाभर दर शनिवारी पाठवते, असं त्यांनी कळवलं होतं.

तेव्हा जागेश्वरने अंगणातल्या संडासात लक्ष घातलं. दोन दारं होती, एक बायकांचं, एक पुरुषांचं. तसं त्यावर लिहिणं म्हणजे एसटी स्टँडवरचं काम. त्याने गोंदियाहून पेंटर छोटेलालला बोलावलं. एका दारावर सारसाचा नर काढायचा, दुसऱ्यावर मादी.

छोटेलालने ब्रश थांबवला. "भैया, दोनों में फरक क्या रहता है?"

"नर जरा उंच राहते."

"बस? मूँछ-वूँछ कुछ?"

"पक्ष्याले मिशी राहते का रे?"

छोटेलालने दोन्ही सारस झकास काढले. लाल मान, राखाडी अंग, काडीसारखे पाय. नर चार बोटं उंच काढायला तो विसरला नाही. फक्त मादीचं दार एका पायरीवर होतं. त्यामुळे समोरून पाहिलं की दोघांची डोकी अगदी एका रेषेत यायची.

"खाली लिहून टाका ना," प्रेमिला म्हणाली. "बाया आन माणसं."

"लिहावं लागलं म्हणजे डिझाइन फसलं. तुले नाही समजत."

गट आला तो निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचा, जोडीजोडीने. पहाटे निघालेल्या या मंडळींनी वाटेत दोनदा चहा आणि एकदा उसाचा रस घेतला होता. बसमधून उतरल्यावर सारस कुठे आहेत, हे कोणीच विचारलं नाही. सगळे तडक अंगणात गेले आणि दोन दारांसमोर थबकले.

"उजवीकडचा नर," एक निवृत्त मॅनेजर म्हणाले.

"कशावरून?" त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"ऐटीत उभा आहे."

"मग ती मादी. नर असता तर बसून असता."

हसायच्या अवस्थेत कोणी नव्हतं. जागेश्वर धावत आला आणि नर उंच असतो हे त्याने अभिमानाने सांगितलं. मंडळी उंची जोखायला चार पावलं मागे सरकली. एकाने डोळा मिटून अंगठा धरला. शेवटी मॅनेजरसाहेबांचा धीर सुटला आणि त्यांनी उजवं दार उघडलं. आतून एका बाईंची किंकाळी आली. त्या केव्हा आत गेल्या ते त्यांच्या नवऱ्यालाही कळलं नव्हतं. बरं, कडी लावायला त्या घाईत विसरल्या होत्या.

आता वाटाड्या रोशन मदतीला आला. रोशनला माणसांपेक्षा पक्षी जास्त कळायचे.

"पाहून कायले ओळखता?" तो म्हणाला. "आवाजावरून ओळखा. जोडी संगं ओरडते, तवा नर एकदा ओरडते आन तेवढ्यात मादी दोनदा."

रोशनने दिलेली माहिती खरी होती. मंडळींनी तिचा नियम करून टाकला. दार वाजलं की आतल्याने आवाज द्यायचा, पुरुषाने एकदा, बाईने दोनदा. आणि काय सांगावं, हे जमलं! बाहेरून टकटक, आतून "ओ". टकटक, "ओ, ओ". रांग सरकू लागली. मागच्या बांधीतून खरी जोडी ओरडली तेव्हा रांगेतल्या दोघांनी सवयीने सॉरी म्हटलं. जागेश्वर छाती फुगवून प्रेमिलाला सांगू लागला की बघ, एक अक्षर न लिहिता लोक कसे शिकले.

रुची मॅडम इतका वेळ बसजवळ फोनवर होत्या. मंडळी एकदाची जेवायला बसली तेव्हा त्या अंगणात आल्या, फोनवर बोलत बोलतच एका दारात शिरल्या आणि आत जाऊन त्यांनी दार नुसतं लोटलं. पाठोपाठ प्रेमिला तिथून पाण्याची बादली घेऊन गेली. दाराची बाहेरची कडी उघडी दिसली. कडी उघडी राहिली की कुत्रं शिरतं, म्हणून येता-जाता ती लावायचा तिचा हात बसलेला. तिने कडी लावली आणि भात वाढायला गेली.

थोड्या वेळाने दार आतून वाजलं. मग हाक आली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

पंगतीत घास थांबले.

"तीनदा?" मॅनेजरसाहेब म्हणाले. "तीनदा म्हणजे कोण?"

सगळ्यांनी रोशनकडे पाहिलं. रोशन विचारात पडला.

"तीनदा ओरडनारा मीनं अजून पाह्यला नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"पिल्लू असेल," कोणीतरी सुचवलं.

"कोणी का असेना, आत आहे ना? मग आपण कशाला जायचं?" सौभाग्यवती म्हणाल्या. एवढ्या कष्टाने शिकलेला नियम कोणी मोडेना. सगळे पुन्हा वरणभाताकडे वळले. आतला आवाज आता मोजण्यापलीकडे गेला होता. त्यात जागेश्वरला स्वतःचं नाव ऐकू आलं आणि तो अंगणाकडे धावला.

कडी प्रेमिलाने काढली. रुची मॅडम बाहेर आल्या, घामाने भिजलेल्या. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि दारावरच्या सारसाकडे वळून पाहिलं. जागेश्वरला वाटलं, संपलं. शनिवार गेले, हिवाळा गेला, पडदे गेले. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला तो सारसाच्या पायांकडे बघत बसला.

प्रेमिलाने एकाही शब्दाची वाट पाहिली नाही. गोठ्यातून चुन्याची बादली आणली, कुंचा बुडवला आणि दोन्ही सारसांवर आडवं लिहून टाकलं. डावीकडे माणसं, उजवीकडे बाया. अक्षरं एवढी मोठी की रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यालाही सोय कळावी.

रुची मॅडमनी ते वाचलं. मग प्रेमिलाने वाढलेलं जेवण जेवल्या, मागून भात घेतला आणि खोल्या बघून आल्या.

"जेवण उत्तम. खोल्या छान. पडदे कोणी निवडले?" त्यांनी विचारलं.

"मीनं," जागेश्वर पुटपुटला.

"सुंदर आहेत. पाठवते मी गट, दर शनिवारी." बसमध्ये चढता चढता त्या थांबल्या. "फक्त एक आहे. पहिला गट जपानी पाहुण्यांचा आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही. दारावर काहीतरी चित्र असलं तर बरं."

बस गेली. चुना अजून ओला होता. प्रेमिला कंबरेवर हात ठेवून दारांकडे बघत राहिली. जागेश्वरचा चेहरा मात्र हळूहळू उजळला.

"समजलं मले कुठं चुकलं ते," तो म्हणाला. "सारसच घ्याले नोको होता. या बारीले एका दारावर बगळा काढू, आन दुसऱ्यावर बगळ्याची बायको."