बापू उमेदवार

बापूंचा धंदा काय, असं मला कुणी विचारलं की मी आधी महिना कोणता चालू आहे ते बघत असे. चैत्रात विचारलंत तर बापू शिंपी असायचे. ज्येष्ठात सोडावॉटरच्या बाटल्या भरायचे, श्रावणात गणपती करायचे आणि दिवाळीला कुणाची तरी पेटी खोलून तिचे सूर लावत बसलेले असायचे. त्यांना यातलं काही येत नसे असं नाही. सगळं येत असे, आणि आलं की सुटत असे.

मी चौलला शाळामास्तर म्हणून आलो ते पंचवीस-सव्वीस साल असेल. उंचीने मी बेताचा. पोरं मला माघारी ‘पाऊण मास्तर’ म्हणत, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. बापू राहत ते शेजारच्या पाखाडीत, म्हणजे आमच्या पलीकडच्या गल्लीत. वय चाळिशीपलीकडचं, अंगकाठी शेलाटी, चालणं मात्र नुकतीच शाळा सुटलेल्या पोरासारखं. नारळी-सुपारीची वाडी होती म्हणून घर चालायचं. गाव त्यांना ‘बापू उमेदवार’ म्हणे. त्या काळी कचेरीत बिनपगारी काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. इतर माणसं वर्ष-दोन वर्षांत त्यातून सुटत. बापू जन्माचे उमेदवार.

नवा धंदा धरला की ते मला रस्त्यात गाठत. “मास्तर, सापडलं. हे आपल्या हाताचं काम.” मग दोन-तीन महिने त्यांना दुसरं काही सुचत नसे. शिकवणारा कारागीर दमून जाई, पण बापूंचे प्रश्न संपत नसत. आणि एका सकाळी ते हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवत आणि म्हणत, “कळलं.” बापूंना कळलं की तो धंदा संपला. शिवणकाम त्यांना नेमकं माझ्या कोटाच्या दोन बाह्यांच्या मध्ये कळलं. एक बाही बसवून ते सोड्याच्या बाटल्यांकडे वळले. दुसरी मूळच्या शिंप्याने कुरकुरत बसवली. तो कोट मी बरीच वर्षं वापरला. बापूंची बाही शेवटपर्यंत उसवली नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्यांना एक खोड होती. जातील तिथून काहीतरी उचलून आणायचं. शिंप्याकडच्या चिंध्या, मूर्तिकाराकडची मूठभर शाडू, सोडावाल्याच्या फुटक्या बाटलीतली गोटी. संध्याकाळी घरी निघाले की धोतराच्या सोग्याला एक गाठ असायचीच. चोरी म्हणावी इतकी मोलाची वस्तू कधी नसे, त्यामुळे कुणी बोलत नसे.

रंगकामाचं वेड शिरलं त्या वर्षी रेवदंड्याच्या धर्मा नाखव्याने त्यांना होडीवर ‘दर्यादौलत’ असं नाव घालायला सांगितलं. होडी तळाला तेल लावण्यासाठी वाळूवर पालथी घातलेली होती. बापूंनी दोन दिवस खपून अक्षरं काढली, मात्रांना माशांच्या शेपट्या दिल्या. मग नारळी पौर्णिमा झाली, दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून चौघांनी होडी सुलटी केली, तेव्हा दर्यादौलत डोक्यावर उभी.

आपल्या भाषेत नाव म्हणजे नाव आणि नाव म्हणजे होडीही. इथे त्यानेच घात केला. धर्माने होडीभोवती एक फेरी घातली. मग म्हणाला, “बापू, नाव उलटली म्हंजी काय, ठावं हाय ना तुला? दर्यात उलटते ती. तू तर वालूवरच उलटवलीस.”

पुसून पुन्हा काढावं, तर निघायच्या आदल्या दिवशी नाव पुसायचं हे त्याहून वाईट. धर्माची बायको होडीला हात लावून उभी राहिली. “मी धन्याला जाऊ देनार न्हाय.”

बापू म्हणाले, “वहिनी, मी जातो त्याच्याबरोबर. उलटलीच तर मीही उलटेन.”

आणि गेले. बापूंना पाणी सोसत नसे. ते परत आले तेव्हा बापू आतून पार रिकामे झाले होते आणि होडी पापलेटांनी भरली होती. ते चारचौघांच्या खांद्यावरून उतरले, पण जुन्या जाळ्याचा एक तुकडा सोग्याला बांधून आणायला विसरले नाहीत. नाव सरळ करून देतो म्हणाले तर धर्माने ब्रश काढून घेतला. “हात लावायचा न्हाय. हाय तसंच ऱ्हाऊंदे.” पुढल्या आठवड्यात आणखी दोघे कोळी आपल्या होडीवर उलटं नाव काढून घ्यायला आले. पण तोवर बापूंना रंगकाम कळलं होतं.

अशात आमच्या शाळेला चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवणारा मास्तर हवा होता. मला वाटलं, या माणसासाठीच ही जागा निघाली आहे. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, हेडमास्तरांना राजी केलं आणि सहीसाठी कागद बापूंना दिला. ‘उमेदवाराचे नाव’ हा रकाना वाचून ते खूश झाले. “तुमच्या कागदालासुद्धा मी ठाऊक आहे की.” पण “कायम नोकरी आहे” म्हणालो, तसं त्यांनी कागदाची घडी घातली आणि मग आठ दिवस मला चुकवलं. मी दिसलो की ते विहिरीच्या रहाटाआड जात. मला राग आला. माणसाचं भलं करायला जावं आणि त्यानेच लपून बसावं.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट त्यांच्या घरी गेलो. फाटकावर मधुमालतीची कमान झुकली होती. येणारे-जाणारे तिच्याखालून वाकून जात. मला ती गरज पडली नाही.

ओटीवर बापूंच्या पत्नी, आमच्या वहिनी, बसल्या होत्या. देवीच्या साथीत त्यांचे डोळे गेले, त्याला पंधरा वर्षं झाली होती, हे गावातल्या सगळ्यांसारखं मलाही ठाऊक होतं. त्या घराबाहेर पडत नसत. त्यांच्या मांडीवर एक लाकडी डबा होता आणि त्यात चिंध्या, वाळलेली शाडू, सोड्याची गोटी, पेटीतली सुराची पितळी पट्टी, जाळ्याचा तुकडा. मी नाव सांगून खाली सतरंजीवर बसलो. बापू आतून आले आणि मला बघून चोरासारखे उभे राहिले.

“सही का करत नाही?” मी विचारलं.

वहिनीच म्हणाल्या, “मीही तेच सांगते हो. चारचौघांसारखी नोकरी करा म्हणते.”

“करीन,” बापू म्हणाले. “पण मास्तर, रोज संध्याकाळी हिला सांगू काय? बदकाचं चित्र? ते पहिल्याच आठवड्यात सांगून होईल.”

वहिनींच्या मुठीत काहीतरी होतं. त्यांनी मूठ उघडली तेव्हा दिसलं, घड्याळातलं एक दातेरी चाक होतं. बापूंनी त्याच महिन्यात घड्याळजीकडे जायला सुरुवात केली होती.

“घ्या हो नोकरी,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मग हे घड्याळाचं अर्धवटच राहणार का?”

मला फार लाज वाटली. मी बापूंकडून अर्ज मागून घेतला आणि खिशात घातला. “यंदा राहू द्या,” म्हटलं. “हेडमास्तरांना मी सांगतो.” बापूंनी माझा हात धरला आणि सोडला. ती जागा पुढे अलिबागच्या एका माणसाला मिळाली. तो बदकं चांगली काढी.

मी अंगणात उतरून वहाणा घालत होतो तोवर मागे वहिनींचा आवाज आला.

“मास्तर दिसायला कसे आहेत हो? आवाज अगदी खालून आला.”

“खाली बसले होते ना,” बापू म्हणाले. “चांगले उंच आहेत. ताठ, भव्य कपाळ. आपल्या फाटकातून येताना पार वाकावं लागलं त्यांना.”

मी फाटकाशी आलो. मधुमालती माझ्या टोपीच्या वर चांगली हातभर होती. मी नीट वाकलो आणि मगच बाहेर पडलो.