पोच नसल्याबाबत

पाठवलेली गोष्ट पोचतेच असं नाही, आणि पोचली तरी तिची पोच मिळतेच असं नाही. या सत्यावर आमचं कार्यालय गेली बावीस वर्षं उभं आहे. (मी आस्थापना विभागात कारकून आहे. मला विचारा.)

मागे आमचे संगणक गोगलगाईच्या चालीने चालू लागले. साहेबांनी समिती नेमली. समितीने ठरवलं, की वायरीतून तुकड्यातुकड्यांनी जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाची नोंद ठेवायची. नोंदी इतक्या कसून झाल्या, की संगणकांना दुसऱ्या कामाला सवडच उरली नाही. समितीने स्वतःचं अभिनंदन केलं.

मग नेटवर्कवाल्या ताई आल्या. नोकरी हंगामी, कायम करायचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडलेला. त्यांनी कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यात, एक चिमुकलं साधन बसवलं. पाकिटाची पोच आली नाही आणि तेच पुन्हा पाठवावं लागलं, तरच ते एक ओळ लिहायचं: किती वाजता, कुठून, कुठे. एरवी गप्प. काम असेल तेव्हाच काम, आणि संगणकावर बोजा जवळजवळ नाही! असा कर्मचारी आमच्याकडे पूर्वी झालेला नसल्यामुळे थोडी नाराजी पसरली.

एका दिवसात ४१२ ओळी. पैकी ४०९ एकाच पत्त्याच्या: साहेबांचा संगणक. (उरलेल्या तीन ओळींवर समिती अजून बसते आहे.) ताईंनी साहेबांच्या खोलीत डोकावून पाहिलं, तर नव्या भारी खुर्चीचा पाय बरोबर वायरीवर. त्यांनी अहवाल कागदावरच दिला, कारण मेलने तो पोचत नव्हता. त्यात स्वच्छ लिहिलं: 'साहेबांकडून पोच नाही. खुर्ची हलवावी.'

अरे देवा!

"मला पोच नाही?" साहेब कडाडले. "आणि माझी खुर्ची तुम्ही हलवणार?"

"तसं नाही हो साहेब, वायर दबलीय खाली..."

"तेच तेच किती वेळा सांगाल?"

"ही तिसरी वेळ," ताई म्हणाल्या. त्यांना मोजायची सवय.

साधन त्याच दिवशी काढून टाकण्यात आलं. तेव्हापासून एकही ओळ उमटलेली नाही, म्हणजे तक्रार शंभर टक्के मिटली. खुर्ची आहे तिथेच आहे. कायम करायच्या कागदावर मात्र सही झाली नाही, आणि ताईंची मुदत या शनिवारी संपते. त्यांनी विनंतीअर्ज पाच वेळा पाठवलाय. पाचही माझ्या खणात नीट लावून ठेवलेत. पोच दिली नाही, कारण पोच दिली की उत्तरही द्यावं लागतं. वाईट वाटतं हो, खरंच वाटतं. बाई गुणी आहे.

हसताय? हसा की. पण मघापासून घरात आतून कुणीतरी तुम्हाला हाक मारतंय, आणि ही तिसरी. आधी ओ द्या.